डाव्या सीटवरचा पाय

माझा नवरा नागसेन बुलढाण्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, आणि ते बी.एड.च्या अभ्यासक्रमाप्रमाणे चालवतो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आम्ही दोघं एकाच वर्षी एकाच कॉलेजातून बी.एड. झालो. शैक्षणिक मानसशास्त्रात तो पहिला आला आणि मी पास झाले. मग शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता आमचं लग्न झालं, तरी भरती काही निघाली नाही. शेवटी त्यानं एक जुनी गाडी घेतली, तिच्यात डाव्या बाजूला जास्तीचा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला, टपावर पाटी चढवली आणि मला म्हणाला, "शिकवणं म्हणजे शिकवणं. फळा असो का स्टेअरिंग."

ऑफिसात रस्त्यावरच्या खुणांच्या तक्त्याशेजारी त्यानं स्वतःच्या अक्षरात दुसरा तक्ता लावला. मथळा, 'अध्ययनाच्या उपपत्ती'. माणूस कसा शिकतो याबद्दल विद्वानांनी जे जे सांगून ठेवलंय ते सगळं त्यात गाडीच्या भाषेत होतं. प्रयत्न-प्रमाद म्हणजे रिव्हर्स घेणं. प्रबलन म्हणजे गिअर बरोबर पडला की लगेच एक लिमलेटची गोळी. शिकायला येणारे लोक हेही परीक्षेत विचारतात असं समजून तो तक्ता उभ्या उभ्या पाठ करायचे. नागसेननं त्यांना कधी थांबवलं नाही.

माझे सासरे इंद्रभान एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. मी त्यांना मामाजी म्हणते. ते दिवसभर ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसतात. त्यांची उपपत्ती एकच. "आमच्या उस्तादानं पाना हातात घेऊन शिकवलं," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. "गिअर चुकला का बोटावर पाना. आठ दिवसात गाडी आली मले." त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट अजून नीट मिटत नाही, पण उस्तादाचं नाव ते कानाला हात लावूनच घेतात.

खरं सांगायचं तर नागसेनच्या उपपत्ती चालायच्या. मंजुश्री नावाची एक बाई ट्रकचा हॉर्न ऐकला की डोळे गच्च मिटून घ्यायची. गाडी चालवणाऱ्याला ही सवय बरी नाही. नागसेननं तिला आठवडाभर गाडी चालवायलाच दिली नाही. बसस्टँडसमोर गाडी उभी करायची, काचा खाली करायच्या आणि कचोरी खायची. हॉर्नशी भीतीची गाठ बसलीय, ती सोडवून दुसऱ्या कशाशी तरी बांधायची, असं त्याचं म्हणणं. आठवड्यानं हॉर्न वाजला की ती डोळे मिटेनाशी झाली, उलट इकडंतिकडं पाहायला लागली. "कचोरीवाला पाहात असन," मामाजी म्हणाले. पण बाई गाडी शिकली.

मी काउंटरवर बसायचे. अर्ज भरणं, वेळा लावणं आणि तक्रारी ऐकणं हे माझं खातं. तक्रार बहुतेक एकच असायची. भगवानरावांचीच घ्या. हे जवळच्या गावातले मोठे शेतकरी. त्यांनी आधी गाडी घेतली आणि मग शिकायला आले. लायसन्स मिळाल्यावर पंधरवड्यातच परत काउंटरवर हजर.

"दीपमालाताई, तुमच्या गाडीत मले गाडी येते. माह्या गाडीत येत नाही."

त्यांच्या घराच्या फाटकाला चढ आहे. त्या चढावर त्यांची नवी गाडी मागं घरंगळून कडब्याच्या गंजीत शिरली होती. नागसेननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं अध्ययन संक्रमण झालं नाही," तो म्हणाला. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरता येणं, याला आमच्या पुस्तकात तसं म्हणतात.

"संक्रमण तं कोरोनाच्या वक्ती झालं होतं," भगवानराव म्हणाले. "भरती होतो मी."

त्यांना आणखी चार दिवस फुकट शिकवलं. आमच्या गाडीत त्यांना उत्तम येत होतं.

अशातच एकदाची भरती निघाली. आम्ही दोघांनी परीक्षा दिली. मला ऑर्डर आली, नागसेनला आली नाही. मी खुर्चीवरून उठायच्या आत तो पेढे घेऊन आला. ऑर्डर त्यानं मामाजींना मोठ्यानं वाचून दाखवली, मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाचून दाखवली. सगळ्यांच्या तोंडात त्यानं स्वतःच्या हातानं पेढा घातला. स्वतः मात्र खाल्ला नाही. ते मला दिसलं, पण मी विचारलं नाही.

शाळा होती घाट उतरून मोताळ्याच्या पुढं, फाट्यापासून बरीच आत. बस फाट्यावर सोडते, आणि तीसुद्धा शाळा भरून गेल्यावर. स्कूटीवरून पडून माझं मनगट एकदा मोडलंय, त्यामुळे स्कूटीचा विषय आमच्या घरात बंद आहे. राहिले दोन रस्ते. त्या गावात खोली करून राहायचं आणि रविवारी घरी यायचं, नाहीतर चारचाकी शिकून रोज अप-डाउन करायचं. तिसरा रस्ता ऑर्डर सोडून देण्याचा. मला ती नोकरी हवी होती. इतकी वर्षं मी लोकांचे अर्ज भरत बसले होते आणि मला वर्गात उभं राहायचं होतं. आणि नागसेनला सोडून आठवडा आठवडा राहायचंही नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं बोलणं शोभत नसेल तर न शोभो.

आमच्याकडं शाळा जूनच्या शेवटी भरतात, म्हणजे हातात उन्हाळा होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाच्या बायकोला गाडी येत नाही हे तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं. दिव्याखाली अंधार असतो, पण आमच्या अंधाराला पाटीही होती.

मी पहाटे स्कूलच्या गाडीवर शिकायला लागले आणि मला गाडी इतक्या लवकर आली की मलाच नवल वाटलं. गावातले चढ, स्पीडब्रेकर, बाजारातली वळणं, गाडी कुठं अडखळायची नाही. "पाहा," नागसेन गोळी देत म्हणायचा, "पूर्वज्ञान असलं का असं होते." मैदानावर मी आठ काढला, लायसन्स मिळालं, आणि मला वाटलं हे काम तर जन्मतःच येत होतं, आपण उगीच अर्ज भरत बसलो.

घरासमोर एक लहान पांढरी गाडी वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली होती. मामाजींनी ती रिटायर झाल्यावर घेतली आणि एकदाच चालवली. बसनंतर त्यांना ती चप्पल घातल्यासारखी वाटली. त्या गाडीला डाव्या बाजूला जास्तीचे पेडल नाहीत, जशा जगातल्या सगळ्या गाड्या असतात तशी ती आहे. एका रविवारी सकाळी ती घेऊन मी आणि नागसेन घाटात गेलो. उतरताना काही झालं नाही. खाली गाडी वळवली आणि चढायला लागलो. अर्ध्यावरच्या वळणात कुटारानं, म्हणजे गुरांच्या भुशानं, भरलेला ट्रॅक्टर पुढं अडून उभा राहिला, म्हणून मीही थांबले.

ट्रॅक्टर निघाला. मी रोज करते तेच केलं. गाडी बंद पडली. चालू केली, तर ती मागं सरकली. ब्रेक दाबला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बंद. मागं एसटी उभी होती आणि तिच्यातले सगळे प्रवासी माझ्याकडं पाहात होते. नागसेन शेजारून "सोड, सोड, हळू सोड" म्हणत होता. आपला पाय नेमका कुठं चुकतोय ते पाहायला मी खाली मान घातली, तेव्हा मला त्याचे पाय दिसले.

त्याचा उजवा पाय समोरच्या नुसत्या चटईवर ब्रेक दाबून होता. डावा पाय क्लच सोडत होता. इतका सुरेख, इतका हळू, की तिथं क्लच असता तर गाडी केव्हाच वर गेली असती.

कॉलेजात मी त्याला तू म्हणायचे. लग्नानंतर तुम्ही म्हणायला लागले. घाटात मी पुन्हा 'तू'वर आले.

"नागसेन, तू काय करून राह्यला?"

"मी कुठी काय करून राह्यलो?" तो म्हणाला. पाय तसाच दाबलेला होता.

मग त्यानं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. आम्ही जागा बदलल्या आणि गाडी त्यानं घरी आणली. वाटेत मला कडब्याची गंजी आठवली, आणि काउंटरवर येऊन गेलेली सगळी माणसं एकेक करून आठवायला लागली.

घरी मी तोंड सोडलं. "इतक्या वर्षांत तुमच्याकडं एक माणूस चढावर गाडी शिकला नाही. तुमचे पाय तेवढे शिकले." मामाजी खुर्चीतून ऐकत होते. मला ते तिथं असल्याची लाज वाटली नाही, इतका राग आला होता.

नागसेन पायरीवर बसला. "सपाटीवर नाही दाबत मी," तो म्हणाला. "चढावर दाबला जाते. गाडी मागं जाईन, ठोकली जाईन म्हणून. लोकायच्या वक्ती थोडा. तुह्या वक्ती जास्त दाबला."

"काऊन?"

"तू रोज घाट उतरशीन अन् चढशीन," तो म्हणाला. "माह्याबिगर. ती शाळा मले पाह्यजे होती, दीपा. तुले भेटली याचा मले आनंदच हाय, खोटं नाही सांगत. पण पायाले ते समजावता आलं नाही."

माझा राग गेला. सगळा नाही, पण निम्म्याहून जास्त गेला. नोकरी मला मिळाली होती आणि तिची किंमत हा माणूस पायानं मोजत होता, त्याच्याही नकळत. मला रडू आलं असतं, पण मामाजी पाना शोधायला उठले होते.

"पेडल खोलूनच टाकतो," ते म्हणाले. "न राहीन बास, न वाजीन बासरी."

"नाही," मी म्हणाले. "एकदम खोलले तं उद्या सगळेच गंजीत जातीन."

बी.एड.च्या परीक्षेच्या आदल्या दिवशी 'आधार' हा मुद्दा मला नागसेननंच समजावला होता. शिकणाऱ्याला आधी टेकू द्यायचा, मग तो थोडा थोडा काढून घ्यायचा. देणं सोपं आहे, काढून घेण्यातच शिक्षकाची परीक्षा. या वाक्यावर मला पूर्ण गुण मिळाले होते. हे सगळं मी त्याला त्याच्याच पायरीवर उभं राहून ऐकवलं. तो मान हलवत होता, विद्यार्थी हलवतात तशी.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं शिकणारे दोन झाले. मी गाडी चालवायला शिकत होते आणि नागसेन न चालवायला. पहिल्या टप्प्यात त्यानं डाव्या सीटवर मांडी घालून बसायचं. पाय खाली आला की चूक. एक अख्खा चढ मांडी मोडली नाही तर एक गोळी. प्रबलन लहान असावं आणि लगेच द्यावं, हेही त्याचंच शिकवणं. पहिल्या दिवशी त्याला एकही गोळी मिळाली नाही. माझी गाडी चढावर चार हात मागं गेली आणि त्याचा पाय मांडीतून सुटून खाली आला. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही हातांनी पाय धरून ठेवले.

स्कूलच्या गाडीतही तो तसाच बसायला लागला. वर पाटी, आत स्टेअरिंगवर घामाघूम झालेला माणूस आणि शेजारी मांडी घालून बसलेला मास्तर, असं आमचं स्कूल गावभर फिरायला लागलं. "गाडीत पंगत बसली काय?" असं लोक मामाजींना विचारायचे. काउंटरवर आता उलटी तक्रार यायला लागली. "पह्यले येत होतं, आता येत नाही." मी सगळ्यांना एकच सांगायचे, पहिले येत नव्हतं, आता शिकून राह्यले. दोघं चिडून दुसऱ्या स्कूलला गेले. बाकीचे आधी चढावर खूप वेळा बंद पडले, मग कमी वेळा, आणि मग निघायला लागले. भगवानरावांना आम्ही बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी ते आमच्या गाडीतून उतरले, आपल्या गाडीत बसले आणि फाटकाचा चढ चढून आत गेले. मामाजी मुद्दाम पाहायला गेले होते. "चढले," त्यांनी येऊन सांगितलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

दुसऱ्या टप्प्यात नागसेन मागच्या सीटवर गेला. तिथून त्याला माझे पाय दिसत नव्हते, म्हणून तो माझ्या मानेकडं पाहायचा, आणि माझी मान दुखायची. तिसऱ्या टप्प्यात तो घाटाच्या माथ्यावर उतरायचा. मी एकटी खाली जाऊन वर यायचे आणि तो हॉटेलात चहा पीत थांबायचा. मी वर आले की तो गाडीच्या मागच्या बाजूला पोचा पडलाय का ते न पाहिल्यासारखं करून पाहायचा. एकदा हॉटेलवाल्यानं त्याला विचारलं, "भाऊ, शिलाई मशीनचं काम करता काय?" नागसेननं ते मला स्वतःहून सांगितलं. बाकाखाली पाय चालूच होता.

मग शाळा उघडली.

त्या सकाळी त्यानं टायर पाहिले, काच पुसली आणि तो फाटकाच्या आतच उभा राहिला. मी जाताना त्यानं हात हलवला नाही. मीही आरशात पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर थांबले असते.

दिवस शाळेत गेला, तो कसा गेला ते कळलं नाही. येताना घाटात ऊन उतरलं होतं. अर्ध्यावरच्या त्याच वळणात पुढच्या गाड्या थांबल्या. मी थांबले. मागं एक ट्रक येऊन टेकला, इतका जवळ की आरशात त्याचा बंपरच दिसत होता. पुढच्या गाड्या निघाल्या आणि माझी बंद पडली. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मी डावीकडं पाहिलं. सीटवर माझा डबा आणि हजेरीपत्रक होतं. मला रडू येत होतं आणि मी हँडब्रेक ओढला, दोन्ही कामं एकदमच झाली. किल्ली फिरवली. क्लच सोडत सोडत आणला, आणि जिथं गाडी थरथरते ती जागा पायाला सापडली. तिथं मी थांबले. ट्रकवाला हॉर्न देत होता, मी त्याला देऊ दिला. मग हँडब्रेक सोडला. गाडी मागं गेली नाही. वरच्या हॉटेलाजवळ मी पोचले, पण न थांबता सरळ घरी आले.

मामाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि परत खुर्चीत बसले. नागसेन शेवटची शिकवणी संपवून आला. हात धुऊन त्यानं पहिला प्रश्न विचारला तो पोरांचा. किती आहेत, कशी आहेत, कोण कुठं बसतं. मी सांगत होते आणि तो जेवण विसरून ऐकत होता. सहावीतली काजल नावाची मुलगी दिवसभरात एक शब्द बोलली नाही, हे मी सांगितलं तेव्हा तो पुढं सरकून बसला. "तिले बोलायले लावू नको," तो म्हणाला. "खडू वाटायचं काम दे. आठ दिवस फक्त खडू. लेकरं तिच्याजवळ मागतीन, अन् एक दिवस तिले कोणाले तरी नाही म्हणावं लागन."

त्या वर्गात माझ्या जागी हा हवा होता. मला ते स्वच्छ दिसलं आणि मी ते त्याला बोलूनही दाखवलं.

"माहीत हाय मले," तो म्हणाला. त्यानं भात कालवला, पण खाल्ला नाही. घाटाबद्दल तो विचारणार नाही हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मीच सांगितलं.

"गाडी वळणात बंद पडली होती. मागं ट्रक होता."

"मंग?"

"मंग चढली."

आज दिवसभर त्याचा एकही फोन आला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. शाळेत मी दोनदा मोबाईल काढून पाहिला होता, आणि खरं तर मला थोडं वाईटही वाटलं होतं.

"फोन नाही केला तुम्ही," मी म्हणाले.

उत्तर मामाजींनी दिलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून नागसेनचा मोबाईल काढून ताटाशेजारी ठेवला.

"सकाळीच माह्याजवळ देऊन ठेवला यानं," ते म्हणाले. "देऊ नका म्हणे, म्या मागितला तरी. चार वक्ती मागितला. एक वक्ती तं हात जोडले. म्या देल्ला नाही."

मी नागसेनकडं पाहिलं. तो ताटाकडं पाहात होता.

"उद्या तीन वक्ती मागतो," तो म्हणाला.

मामाजींनी मोबाईल उचलून परत खिशात टाकला. "पाहू," ते म्हणाले, आणि मी त्यांना भात वाढला.